देणं तहकूब

आमच्या शाखेत 'सस्पेन्शन' या शब्दाला एकच अर्थ होता. कुणाचा तरी हात खात्यात गेलेला सापडला, आणि तो गृहस्थ आता चौकशी होईपर्यंत अर्ध्या पगारावर घरी बसणार. सत्तावीस वर्षं कॅश काउंटरच्या जाळीमागे बसून मी हा शब्द कुजबुजीतच ऐकला. माणूस सस्पेंड होतो हे ठाऊक होतं. अख्खी बँक सस्पेंड होते, शेकडो बँका एका आठवड्यात होतात, आणि तरीही त्यांची दारं उघडी असतात, कारकून खुर्चीत असतात, कर्जाचे हप्ते घेणं चालू असतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेही अमेरिकेत, मुलाकडे मिलवॉकीला राहायला गेले तेव्हा.

मुलगा सकाळी कामाला जाताना मला शहराच्या मध्यवर्ती वाचनालयात सोडायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. एक दिवस मिशिगन स्ट्रीटवरून चालताना एक जुनी, भारदस्त, नक्षीनं लगडलेली इमारत दिसली. नाव मिचेल बिल्डिंग. हा मिचेल कोण म्हणून वाचनालयात विचारलं, तर समोर आली २४ जून १८६१ची गोष्ट. त्या सोमवारी याच भागात लोकांनी मिचेलच्या बँकेच्या काचा फोडल्या होत्या, आणि जवळच्या दुसऱ्या बँकेतलं फर्निचर रस्त्यावर आणून जाळलं होतं. कॅशियर बाईला आणखी काय हवं? पुढचे दोन महिने मी त्यातच होते.

आधी तो शब्द समजून घेऊ. तिथल्या कागदांत 'सस्पेन्शन ऑफ स्पेसी पेमेंट्स' म्हणतात. बँकेनं छापलेली नोट काउंटरवर ठेवली तर तिच्या बदल्यात सोन्या-चांदीचं नाणं द्यायचं, हे बँकेचं वचन. ते वचन मोडत नाही, फक्त आज पाळत नाही, असं बँकेनं जाहीर करणं म्हणजे सस्पेन्शन. मराठीत आपल्याकडे यासाठी झकास शब्द आहे: तहकूब. सभा तहकूब होते, बरखास्त होत नाही. देणं तहकूब झालं म्हणजे बुडालं असं नाही, पण मिळालं असंही नाही. आपल्या नोटेवर अजूनही 'मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ' छापलेलं असतं. मी लाखो वेळा त्या ओळीवरून अंगठा फिरवला असेन, पण वाचली क्वचितच. १८६० साली अमेरिकेतला माणूस ती ओळ वाचायचा. त्याला ती वाचावीच लागायची.

कारण तिथे तेव्हा आजच्यासारखी एक सरकारी नोट नव्हतीच. मध्यवर्ती बँकेसारखी जी एक संस्था होती, तिची सनद १८३६मध्ये संपली. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सननं ती वाढवू दिली नाही. त्यानंतर प्रत्येक राज्यानं आपापल्या बँकांना परवाने दिले आणि प्रत्येक बँकेनं आपापल्या नोटा छापल्या. उत्तर-दक्षिण राज्यांमधल्या अमेरिकन यादवीच्या तोंडावर अशा दीड हजारांहून जास्त बँका होत्या, नोटांचे प्रकार हजारोंनी, आणि खोट्या नोटा त्याहून वेगळ्या. दुकानदार गल्ल्याशेजारी एक पुस्तिका ठेवायचा. कुठली नोट खरी, कुठली खोटी आणि कुठल्या नोटेवर आज किती बट्टा, हे त्यात छापलेलं. दूरच्या गावची नोट असली की डॉलरमागे दोन सेंट, पाच सेंट कापायचे. आपल्या सराफांनी शिक्क्यांच्या रुपयांवर हेच केलं होतं, आणि भाषेनं ते जपून ठेवलंय. नावाला बट्टा लागतो, तो आधी नाण्याला लागायचा.

तर अशा देशात ६ नोव्हेंबर १८६० रोजी गुलामगिरीच्या विरोधातला अब्राहम लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला. शपथविधी पुढच्या ४ मार्चला. मधल्या चार महिन्यांत जुना अध्यक्ष ब्यूकॅनन खुर्चीत होता, पण त्याच्याच्यानं काही होत नव्हतं. नवा गप्प होता. या पोकळीत पुढारी भाषणं करत होते. गुलाम राखणाऱ्या दक्षिणेत 'आम्ही देशातून निघालो' म्हणत होते, उत्तरेत 'धमक्या आहेत, निवतील' म्हणत होते. साउथ कॅरोलायना प्रत्यक्ष बाहेर पडलं ते २० डिसेंबरला. पहिली तोफ सुटली ती एप्रिलमध्ये. पण बँका नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच थांबल्या. रिचमंड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया इथल्या बँकांनी २० ते २२ नोव्हेंबरच्या सुमारास नाणं देणं तहकूब केलं. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियातल्याही अनेक बँकांनी. तेव्हा एकही राज्य बाहेर पडलेलं नव्हतं. पैशानं देश आधी सोडला.

हे कसं झालं, तर अगदी साध्या व्यापारी रीतीनं. दक्षिणेचा कापूस न्यूयॉर्कच्या उधारीवर पिकायचा आणि विकला जायचा. मळेवाला, अडत्या, न्यू ऑर्लिन्सची बँक, न्यूयॉर्कचा व्यापारी, लिव्हरपूलचा खरेदीदार, सगळे हुंड्यांच्या एकाच माळेत. उत्तरेच्या कापड-व्यापाऱ्यांचं कोट्यवधी डॉलरचं येणं दक्षिणेतल्या दुकानदारांकडे होतं. निवडणुकीचा निकाल लागल्यावर दक्षिणेतल्या लोकांनी न्यूयॉर्कच्या बँकांतल्या आपल्या शिलका परत मागायला सुरुवात केली, आणि उत्तरेच्या व्यापाऱ्यांनी नवी उधारी बंद केली. जुनी उधारी वसूल होईना. कुणी म्हणे पीक विकू दे मग देतो, कुणी म्हणे आता तुमचा देश वेगळा, आमचा वेगळा. (हे दुसरं पुढे कायद्यात आलं. मे १८६१मध्ये दक्षिणेच्या नव्या सरकारनं उत्तरेच्या सावकारांची देणी फेडायला बंदीच घातली. कर्जदारांना एवढं आवडणारं राष्ट्रप्रेम क्वचित सापडतं.) अशा वेळी बँकेसमोर रांग लागते ती देश फुटणार म्हणून नाही. शेजारच्यानं काढले म्हणून मी काढतो, एवढंच.

देशाच्या खजिन्याचं तर बोलूच नका. अर्थमंत्री होता हॉवेल कॉब, जॉर्जियाचा. ८ डिसेंबरला त्यानं राजीनामा दिला, आणि दोन महिन्यांत मॉन्टगोमेरीला दक्षिणेच्या नव्या हंगामी काँग्रेसच्या अध्यक्षपदी जाऊन बसला. मागे खजिना रिकामा. सरकारनं ५० लाख डॉलरचं अल्पमुदतीचं कर्ज मागितलं, तर काही सावकारांनी ३६ टक्क्यांपर्यंत व्याज सांगितलं. सरकारनं १२ टक्क्यांपर्यंतच्या बोली घेतल्या. आमच्या शाखेत सोनंतारण याहून स्वस्त मिळायचं.

न्यूयॉर्क मात्र थांबलं नाही, आणि ते का थांबलं नाही यात मला एका जुन्या कारकुनाचा आनंद मिळाला. तिथे १८५३पासून क्लिअरिंग हाउस होतं. रोज सकाळी सगळ्या बँका एकमेकींचे चेक घेऊन येत आणि उरलेला फरक सोन्यात चुकता करत. घाबरलेल्या दिवसांत हा फरकच जीव घेतो. ज्या बँकेवर जास्त चेक आले ती सोनं गमावते, म्हणून कर्ज परत मागते, म्हणून व्यापारी बुडतो, म्हणून आणखी घबराट. जॉर्ज को या बँकरनं तोड काढली. नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात ठरलं की बँकांनी आपले चांगले रोखे आणि हुंड्या एका समितीकडे ठेवायच्या, समितीनं त्यावर ७ टक्के व्याजाची प्रमाणपत्रं द्यायची, आणि आपापसातला हिशेब सोन्याऐवजी या प्रमाणपत्रांनी मिटवायचा. सुरुवातीला मर्यादा ५० लाख डॉलर. सगळ्यांचं सोनं मात्र एकत्र धरायचं, म्हणजे एकीवर रांग लागली की बाकीच्यांनी पुरवायचं.

सामान्य माणसाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला काउंटरवर नाणं मिळत राहिलं. न्यूयॉर्कच्या १८४६च्या राज्यघटनेत विधिमंडळाला अशी तहकुबी मंजूर करायला सरळ मनाईच होती, त्यामुळे तिथल्या बँकांना हा मार्ग शोधावाच लागला. नशिबानंही साथ दिली. त्या वर्षी युरोपात पिकं कमी आली होती, अमेरिकेचा गहू-मका भराभर निघाला, आणि हिवाळ्यात जहाजांतून सोनं न्यूयॉर्कला उतरू लागलं. (शहराचा महापौर फर्नांडो वुड मात्र वेगळ्याच तंद्रीत होता. जानेवारी १८६१मध्ये त्यानं सुचवलं की न्यूयॉर्कनंच देशातून बाहेर पडून स्वतंत्र नगर व्हावं. कापसाचा व्यापार कुणालाच सोडवत नव्हता.)

हे वाचताना मला आमचं गाव आठवत होतं. आमच्या शाखेसमोर रस्त्यापलीकडे एक नागरी सहकारी बँक होती. नाव नको. एका बुधवारी दुपारी तिच्या शटरवर कागद चिकटला: निर्बंध, खात्यामागे ठरावीक रक्कमच मिळेल, तीही सहा महिन्यांत एकदा. संध्याकाळपर्यंत शटरसमोर चपला, पिशव्या, पासबुकं, रडणं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं दार उघडायच्या आधी आमच्याकडेही रांग. आमची बँक सरकारी, तिला काहीही झालेलं नव्हतं. पण रोज दूध घालणाऱ्या मावशी पासबुक माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमची तरी धड हाय न्हवं? मला खरं सांगा." मी म्हटलं, "मावशी, अगदी धड आहे." त्या म्हणाल्या, "मग द्या सगळे."

साहेबांनी करन्सी चेस्टमधून जादा रोकड मागवली होती. गड्ड्या माझ्या मागच्या टेबलावर रचून ठेवायला सांगितल्या, जाळीतून दिसतील अशा. आणि हळूच येऊन म्हणाले, "मोजताना घाई नको." म्हणजे सावकाश मोजा. मी मोजलं. प्रत्येक गड्डी दोनदा. आयुष्यात पहिल्यांदा मी कामात मुद्दाम वेळ काढला, आणि मावशींच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. दुपारी दोनला रांग विरली. तिसऱ्या दिवशी मावशी तेच पैसे, त्याच रुमालात बांधलेले, परत भरायला आल्या. "घरात ठेवून झोप लागंना," म्हणाल्या. समोरच्या बँकेतले त्यांच्या जावेचे पैसे सुटायला पुढे चार वर्षं गेली.

त्यामुळे तहकुबी चांगली की वाईट, असं कुणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येत नाही. इतिहासानं या प्रश्नाची एक विचित्र चाचणी घेतली आहे, आणि ती या मिलवॉकीच्याच भागात. इलिनॉय आणि विस्कॉन्सिन ही शेजारची राज्यं. दोन्हीकडे कायदा असा की बँकेला नोटा छापायच्या असतील तर तेवढ्या किमतीचे सरकारी रोखे राज्याकडे तारण ठेवायचे. बँक बुडाली तर राज्य रोखे विकून नोटधारकांना पैसे देणार. कागदावर किती सुरेख! नोटेवर 'सरकारी रोख्यांनी सुरक्षित' असं छापलेलंही असे. पण कुठल्या सरकारचे रोखे? बँकवाल्यांनी स्वस्तात मिळणारे, जास्त व्याज देणारे निवडले. ते होते मिझुरीचे, टेनेसीचे, व्हर्जिनियाचे, नॉर्थ कॅरोलायनाचे. म्हणजे गुलामगिरी विरोधात मत देणाऱ्या शिकागोच्या सुताराची शनिवारची मजुरी गुलाम राखणाऱ्या राज्यांच्या पतीवर उभी होती. ती राज्यं फुटू लागली तसे रोखे घसरले. जून १८६१पर्यंत मिझुरीचे रोखे निवडणुकीआधीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास आले होते.

इलिनॉयमध्ये पडझड उघड्यावर झाली. राज्यानं बँकांना जादा तारण मागितलं, त्यांना ते देता येईना, आणि एकामागून एक त्या बंद केल्या गेल्या. शंभरावर बँका होत्या, वर्षभरात मोजक्याच उरल्या. शिकागोत व्यापारी आणि रेल्वे कंपन्या कुठल्या नोटा घेणार याच्या याद्या छापायच्या. सकाळची यादी दुपारी बदलायची. लोकांनी त्या पैशाला 'स्टम्पटेल' नाव दिलं, म्हणजे बांडा, शेपूट तुटलेला. रोखे नेमके पडत्या बाजारात विकले गेले, त्यामुळे नोटधारकाच्या हाती आणखी कमी आलं.

विस्कॉन्सिनच्या विधिमंडळानं एप्रिलमध्ये वेगळं केलं: बँकांना डिसेंबरपर्यंत नाणं देणं तहकूब ठेवायची मुभा दिली. पुढे अर्थतज्ज्ञांनी दोन्ही राज्यांचे हिशेब शेजारी ठेवून पाहिले, तर थांबू दिलेल्या विस्कॉन्सिनमध्ये बँकाही कमी बुडाल्या आणि लोकांचं नुकसानही कमी झालं. वेळ मिळाला. रोखे घाईनं विकावे लागले नाहीत. आमचे साहेब 'सावकाश मोजा' म्हणाले, त्याचंच हे राज्यभराचं रूप.

इथवर वाचून मला साहेबांची बाजू पटायला लागली होती. मग मी त्या २४ जूनच्या सोमवारकडे परत गेले.

त्या एप्रिलमध्ये मिलवॉकीच्या बँकवाल्यांनी एकत्र बसून चाळीसच्या आसपास बँकांच्या नोटा बाद ठरवल्या होत्या, आणि उरलेल्या सत्तरेक बँकांच्या नोटा डिसेंबरपर्यंत नक्की घेऊ असं जाहीर केलं होतं. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. मग २१ जूनला, शुक्रवारी, त्यांनी त्या उरलेल्यांपैकी आणखी दहा बँका वगळल्या. शनिवार हा पगाराचा दिवस. कामगारांना मजुरी मिळाली ती नेमक्या त्याच दहांच्या नोटांत. संध्याकाळी किराणावाल्याकडे, बिअरच्या गुत्त्यात, भाड्याच्या खोलीच्या मालकाकडे त्या कुणी घेईना. ज्यांना आतली बातमी होती त्यांनी आपल्याकडच्या नोटा आधीच खपवल्या, असा लोकांचा पक्का संशय. आणि मला, कॅश काउंटरवर आयुष्य घालवलेल्या बाईला, तो संशय अजिबात अवाजवी वाटत नाही. जाळीमागच्याला नेहमी एक दिवस आधी कळतं.

रविवार मधे गेला. सोमवारी सकाळी जर्मन कामगारांचा मोर्चा वाजंत्री लावून बँकांच्या रस्त्यावर आला. यातले कितीतरी मायदेशातल्या १८४८च्या उठावानंतर इकडे आलेल्यांपैकी. रस्त्यावर उतरणं त्यांना नवं नव्हतं. अलेक्झांडर मिचेल बाहेर येऊन बोलायला लागला, तर दगड आले. तो आत पळाला. मग काचा, टेबलं, खातेवह्या, आगी. शेवटी मिलिशियानं, म्हणजे राज्याच्या हौशी सैनिकांनी, संगिनी लावून गर्दी पांगवली. दक्षिणेशी लढायला जमवलेली शस्त्रं त्या दिवशी स्वतःच्या गावच्या मजुरांवर रोखली गेली.

मिचेलची बँक मुळात कशी उभी राहिली ते पाहिलं की या गोष्टीला आणखी एक पीळ पडतो. १८३९मध्ये जॉर्ज स्मिथ या स्कॉटिश माणसानं विमा कंपनीची सनद मिळवली. बँकिंग करायची परवानगी त्यात नव्हती. तरी ती कंपनी ठेवपावत्या द्यायची, आणि त्या पावत्या नोटांसारख्या चलनात फिरायच्या, कारण कुणीही आणून ठेवली की नाणं मिळायचं. कायद्यानं गैर, पण पैशाला पक्की. कित्येक वर्षं त्या भागात त्या बेकायदा कागदावर लोकांचा भरवसा कायदेशीर नोटांहून जास्त होता. मिचेल त्या कंपनीचा माणूस, पुढे मालक. त्याच दारावर दगड पडले. पत उभी करायला वीस वर्षं लागली होती. शुक्रवार ते सोमवार पुरले.

दंगलीनंतर बँकवाल्यांनी शहाणपणा केला. राज्याला युद्धासाठी कर्जरोखे विकायचे होते, घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. बँकांनी ते घ्यायचं कबूल केलं, आणि दक्षिणेच्या रोख्यांच्या जागी तारण म्हणून तेच ठेवले. म्हणजे काल नोट व्हर्जिनियाच्या पतीवर चालत होती, उद्या व्हर्जिनियावर चालून जाण्याच्या खर्चावर चालणार. मजुराच्या खिशातला कागद तोच.

लिंकनचा एक किस्सा इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १८४०मध्ये तो इलिनॉयच्या विधिमंडळात तरुण आमदार होता. राज्याच्या बँकेला तेव्हाही नाणं तहकूब ठेवायची मुभा होती, पण ती अधिवेशन संपेपर्यंतच. विरोधकांना अधिवेशन आटोपून बँकेला कोंडीत पकडायचं होतं. लिंकनच्या पक्षाला बँक वाचवायची होती. नवं सभागृह बांधून व्हायचं होतं म्हणून बैठक एका चर्चमध्ये चालली होती. गणसंख्या भरू नये म्हणून लिंकन आणि आणखी दोघांनी खिडकीतून उड्या मारल्या. उपयोग शून्य, हजेरी आधीच मोजून झाली होती. विरोधी वर्तमानपत्रानं लिहिलं की इमारतीवर आणखी एक मजला चढवावा, म्हणजे मिस्टर लिंकनना पुढच्या वेळी पन्हळीवरून उतरावं लागेल. वीस वर्षांनी त्याच माणसाच्या निवडीनं निम्म्या देशाचं नाणं तहकूब झालं. मला तो या खिडकीसाठी जास्त आवडतो.

दक्षिणेतल्या बँकांबद्दल मात्र विनोद सुचत नाही. तिथल्या बँकांच्या तारणात जमीन होती, कापूस होता आणि माणसं होती. लुइझियानाच्या दोन बँका पुढे आजच्या जेपी मॉर्गन चेसच्या वंशावळीत आल्या. त्या कंपनीनं २००५मध्ये स्वतःच जाहीर केलं की १८३१ ते १८६५ या काळात या दोन बँकांनी सुमारे १३,००० गुलाम माणसं कर्जाला तारण म्हणून स्वीकारली होती, आणि कर्जं थकल्यावर साडेबाराशेच्या आसपास माणसांची मालकी बँकांकडे आली. मी आयुष्यभर तारणाच्या नोंदी केल्यात. बांगड्या ४, वजन अमुक, पाटल्या २. त्या वहीत त्याच रकान्यात नावं आणि वयं लिहिणारा कारकून असणार, अक्षर वळणदार असणार, बेरीज बरोबर असणार. न्यू ऑर्लिन्सच्या बँका सगळ्या दक्षिणेत भक्कम मानल्या जायच्या. १८६०च्या घबराटीत त्या थांबल्या नाहीत. थांबल्या त्या सप्टेंबर १८६१मध्ये, आणि तेही दक्षिणेच्या सरकारनं आपला कागदी पैसा चालावा म्हणून सांगितल्यावर.

न्यूयॉर्कचंही अखेर निभावलं नाही. उन्हाळ्यात तिथल्या आणि इतर दोन शहरांच्या बँकांनी सरकारला १५ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं होतं, आणि नवा अर्थमंत्री चेस ते सोन्यातच हवं म्हणून अडून बसला. त्यातच ब्रिटनशी युद्ध भडकेल अशी हवा झाली. ३० डिसेंबर १८६१ला न्यूयॉर्कच्या बँका थांबल्या, पाठोपाठ सरकारही. फेब्रुवारीत हिरव्या पाठीच्या सरकारी नोटांचा कायदा झाला, ज्यांच्या बदल्यात नाणं मिळणार नव्हतं. नाणी बाजारातून अशी नाहीशी झाली की १८६२च्या उन्हाळ्यात लोक सुट्ट्या पैशांऐवजी टपालाची तिकिटं देत-घेत होते. गोंद लावलेली तिकिटं, घामेजल्या खिशात! आमच्याकडे सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवायचे, ते निदान खाता यायचं. नोट ठेवून सोनं मिळायला पुन्हा सुरुवात झाली १ जानेवारी १८७९ला. तहकुबी सतरा वर्षं चालली.

आणि कापूस अडला म्हणून मुंबई श्रीमंत झाली, हे तर आपल्याला ठाऊक आहेच. दक्षिणेच्या बंदरांना वेढा पडला आणि लिव्हरपूल खानदेश-वऱ्हाड-गुजरातच्या कापसामागे लागलं. प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली ती शेअरबाजी, ५,००० रुपये भरलेला 'बॅक बे' या समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनीचा शेअर ५०,०००च्या घरात. एप्रिल १८६५मध्ये तिकडे दक्षिणेचा सेनापती जनरल लीनं शस्त्रं ठेवली, १ जुलैला इकडे वायद्यांचा हिशेब द्यायची वेळ आली, आणि निम्मं शहर तोंड लपवू लागलं. सरकारी भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदांच्या आईच्या नावाच्या राजाबाई टॉवरखालून जाताना आता मला मिलवॉकीच्या त्या फुटक्या काचा आठवतात. एकाच माळेची दोन टोकं.

परतायच्या आदल्या आठवड्यात मुलानं मला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात नेलं. काचेखाली विस्कॉन्सिनच्या एका बँकेची एक डॉलरची नोट होती, १८५०च्या दशकातली. डाव्या कोपऱ्यात पेंढी घेतलेली बाई, मध्ये आगगाडी, मागची बाजू कोरी. ज्या डॉलरला १८६१मध्ये किराणावाला हात लावत नव्हता, त्याची आता किंमत ४५ डॉलर. मुलगा म्हणाला, "आई, घेऊया, तुझ्या कामाची आठवण."

खाली दोन सह्या होत्या, हातानं केलेल्या. त्या काळी प्रत्येक नोटेवर अध्यक्ष आणि कॅशियर स्वतः सही करायचे. अध्यक्षाची सही ऐटदार, ओळ सोडून वर गेलेली. कॅशियरची बारीक, घाईची, शाई तपकिरी पडलेली. दिवसाला अशा किती केल्या असतील, कुणास ठाऊक. शेवटच्या अक्षराची शेपटी प्रत्येकीत तशीच येते, हात आपोआप वळतो.

मी सवयीनं नोट उचलून दिव्याकडे धरली.

"आई," मुलगा हसत म्हणाला, "प्लास्टिकमध्ये आहे ती. खरी आहे."